वाचक विचारतात: सब्बल, टिकास आणि ट्रॅक्टरची पेटी

प्रश्न (काटोल तालुका): संत्र्यासाठी खड्डे घेतो आहोत. वर दोन फूट काळी, खाली मुरूम. टिकास (टिकाव) काळीवरून उसळते आणि सब्बलीचे (पहारीचे) टोक मुरुमात वाकते. कोणती हत्यारे घ्यावीत?

उत्तर: काळीसाठी हत्यार बदलू नका, जमीन ओलवा. मे महिन्यातली भेगाळलेली काळी कोरडी फोडणे म्हणजे दांडे मोडून घेणे. खड्ड्याची आखणी करून वरची तीन-चार इंच माती काढा, त्या खळग्यात संध्याकाळी १५-२० लिटर पाणी सोडा. भेगांतून ते खाली उतरते. दुसऱ्या दिवशी बोटाने दाबून पहा. माती बोटाला चिकटली तर थांबा, नाहीतर फावड्यावरून लगदा सुटणार नाही. भुसभुशीत फुटली की टिकासाच्या चपट्या बाजूने कापत जा.

मुरुमाला मात्र सब्बलच हवी. पाच फुटी, २५ मिमी जाडीची सुमारे सहा किलो भरते, २८ मिमीची सव्वासात-साडेसात. जाडी थोडीच वाढते, पण घाव बराच खोल जातो. दिवसभर एकच माणूस खणणार असेल तर २५ ची बरी. आधी मधोमध एक वीतभर भोक पाडा आणि कडेचा मुरूम त्या मोकळ्या जागेकडे ढासळवा. चहूबाजूंनी दबलेला मुरूम फुटत नाही, नुसता ठेचला जातो. मोठा धोंडा उचकटताना सब्बल टोकाजवळ दगडावर टेकवा. आधार लांब घेतला की ती मधूनच वाकते.

टोक वाकते म्हणजे लोहाराने पाजवून पाणी कमी दिले, म्हणजे तापवून विझवताना पोलाद पुरेसे कडक केले नाही. टवके उडत असतील तर पाणी जास्त झाले. टोकाचे दोन इंच लाल करून फक्त टोक विझवायचे, घासून चकचकीत करायचे, मागच्या उष्णतेने रंग पिवळ्यावरून जांभळा-निळा होऊ लागला की पुन्हा पाण्यात. हा रंग लोहारासमोर उभे राहून पहा.

दांडा धावड्याचा किंवा बाभळीचा, सरळ रेषांचा, गाठ नसलेला. ढिला झाला की पाण्यात बुडवून ठेवायची आपली सवय चुकीची आहे. लाकूड फुगते, भोकात चेपते आणि वाळल्यावर आधीपेक्षा ढिले होते. टिकासाचे भोक निमुळते असते. दांडा वरून घालून डोक्याकडचे टोक जाड ठेवा. मग प्रत्येक घावाला तो आणखी आवळतो.

प्रश्न (दारव्हा): कल्टिव्हेटरचे फाळ बदलताना नट सुटत नाही, बोल्टच जागच्या जागी फिरतो.

उत्तर: या बोल्टची मान चौकोनी असते आणि ती फाळाच्या चौकोनी भोकात अडकते. फाळ झिजला, भोक गोल झाले की मान फिरणारच. डिझेल आणि जुने इंजिन ऑइल मिसळून रात्री नटावर सोडा. सकाळी १९ मिमीचा रिंग पाना लावा. उघड्या तोंडाच्या पान्याने कोपरे गोल होतात. नव्या काही बोल्टांना १८ चा लागतो, बळेच १९ लावू नका. तरीही फिरला तर नटाच्या एका बाजूला छिन्नी उभी लावून दोन किलोच्या घणाने नट फोडा. बोल्ट तसाही टाकायचाच आहे. नवा बसवताना आट्यांना ऑइल लावा आणि तासभर नांगरल्यावर पुन्हा आवळा, कारण रंग आणि माती चेपून बोल्ट हमखास ढिला पडतो.

ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या पेटीत याशिवाय १३, १७, २४ आणि ३० चे पाने, पंच, पक्कड, ग्रीस गन, चार जादा लिंच पिना (अवजार अडकवायच्या कडीवाल्या खिळ्या) ठेवा. एवढे पुरे. फाळाखाली हात घालण्याआधी अवजार जमिनीवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर टेकवा, इंजिन बंद, चावी खिशात. हायड्रॉलिकवर अधांतरी ठेवलेले अवजार तेल झिरपून खाली येते.

प्रश्न (वरूड): ट्रॅक्टरच्या खड्डे पाडणाऱ्या यंत्राचा बोल्ट सारखा तुटतो. जास्त ताकदीचा टाकू का?

उत्तर: अजिबात नको. तो तुटण्यासाठीच असतो, तो वाचला की गिअरबॉक्स जातो. कंपनीने सांगितलेल्या दर्जाचाच टाका. वारंवार तुटत असेल तर बर्म्याचे (खड्डा पाडणाऱ्या पिळाच्या पात्याचे) झिजलेले दाते पहा आणि पीटीओचा (यंत्र फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याचा) वेग कमी ठेवून एक-एक वीत खाली जात माती वर काढा. ओल्या काळीत बर्म्याने खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत लिंपल्या जातात, मुळे त्यांत शिरत नाहीत. लावणीआधी त्या सब्बलीने खरवडून घ्या.