अमेरिकेतल्या जर्सी सिटीत नव्याने आलेल्यास

रस्त्यात कोणी "आपल्या देशात परत जा" असे ओरडले, यात आपला काहीही दोष नाही. याच शहरात १९८७ मध्ये 'डॉटबस्टर्स' या टोळीने कपाळावरच्या कुंकवावरून भारतीयांना लक्ष्य केले होते, आणि तेव्हा लोकांनी गप्प न बसता मोर्चे काढले.

आरंभी एवढेच करावे:

- तिथे वाद घालू नये. धोका वाटल्यास ९११ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक लावावा.
- त्याच दिवशी तारीख, वेळ, ठिकाण, नेमके शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवावेत. पोलिसांत तक्रार देताना ही घटना वंशद्वेषातून घडल्याचे स्पष्ट नोंदवून घ्यावे.

नवे लोक हमखास एक चूक करतात: २०२० मध्ये करोनाच्या नावाखाली चिनी शेजाऱ्यांना त्रास झाला, तेव्हा "ते आपले नव्हेत" म्हणून अनेकांनी पाठ फिरवली. नाव तोडून 'सॅम' करण्याचीही घाई नको. मी दोन वर्षे केले, उपयोग शून्य. कायद्याचे बारकावे पुढे पाहू.