एका नोंदीवरून ताप कळत नाही

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून आठ दिवस झाले. ते दोनदा वाचून, प्रार्थनेत ठेवून मगच लिहावे असे वाटले, म्हणून उत्तराला उशीर झाला. कुवेतच्या रुग्णालयातील नोकरी घ्यावी की आईजवळ वसईतच राहावे, हे देवाला विचारण्यासाठी तू डोळे मिटून बायबल उघडलेस आणि पानावर बोट ठेवलेस. पहिल्या दिवशी अब्राहामाला आपला देश आणि गणगोत सोडण्याची झालेली आज्ञा निघाली. दुसऱ्या दिवशी सासूची पाठ सोडायला तयार नसलेली रूथ निघाली. आता यातले देवाचे उत्तर कोणते, असे तू विचारतेस. दोन्ही वचने देवाचीच आहेत, पण तुझ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ती तुला दिली गेली असे मला वाटत नाही. रूथ सासूबरोबर राहिली खरी, मात्र त्यासाठी तिने स्वतःचे माहेर आणि मायदेश सोडला, म्हणजे ते एकच वचन तुला दोन्ही बाजूंनी वाचता आले असते. पवित्र शास्त्र रोज थोडे थोडे क्रमाने वाचले की ते मनात मुरते आणि वेळ आली की आतून बोलू लागते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते वापरू नकोस.

एक गोष्ट आधीच बाजूला काढतो. तुझा दोन वर्षांचा अनुभव कागदावर चार वर्षांचा दाखवू, असे एजंटाने सुचवले आहे आणि त्याविषयीही आपण 'प्रार्थना करत आहोत' असे तू लिहिले आहेस. बाळ, तेथे पारखण्यासारखे काहीच नाही. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आहे, आणि आज्ञेपुढे देवाची वेगळी इच्छा शोधत बसणे म्हणजे आज्ञा मोडण्यासाठी सवड मागणे होय. येशू संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्मिक साधनेच्या आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितले आहे की निवड करायची ती ज्या गोष्टी मुळात चांगल्या किंवा निदान निर्दोष आहेत त्यांमध्येच. त्या एजंटाला आजच नकार कळव. खऱ्या अनुभवावर ती नोकरी मिळत असेल, तरच पुढचा विचार करायचा आहे.

इग्नेशियस यांचे नाव आलेच आहे, तर हा विवेक त्यांना कोठे गवसला तेही सांगतो, कारण तुझ्यासारख्या परिचारिकेला ती गोष्ट अधिक जवळची वाटेल. १५२१ मध्ये स्पेनमधील पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि ते लोयोला येथील घरी कित्येक महिने अंथरुणाला खिळले. त्यांना वाचायला शूरांच्या प्रेमकथा हव्या होत्या. घरात मिळाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. पडल्या पडल्या ते कधी राजदरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवत, तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्यासारखे जगण्याची. रंगवताना दोन्ही स्वप्ने गोडच वाटत. फरक नंतर पडे: पहिले स्वप्न ओसरले की मन कोरडे आणि असमाधानी राही, दुसरे ओसरल्यावरही प्रसन्नता टिकून असे. हा फरक त्यांच्या लक्षात यायलाही वेळ लागला. कोणतेही दर्शन होण्याआधी, आजारपणाच्या कंटाळ्यात, एका माणसाने आपल्याच मनाची नाडी पाहिली, आणि पुढे याच निरीक्षणातून आत्म्यांची पारख करण्याचे, म्हणजे मनातली प्रेरणा कोणाकडून आली हे ओळखण्याचे, त्यांचे नियम घडत गेले.

तू वॉर्डात रुग्णाचा टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांचा तक्ता, भरतेस. संध्याकाळी सहाला थर्मामीटर १०१ दाखवतो म्हणून कोणी आजाराचे निदान करत नाही. चार दिवसांचा आलेख पाहिल्यावर ताप रोज कधी चढतो आणि कशाने उतरतो हे कळते. मनाचेही तसेच आहे. तुझ्या पत्रात मंगळवारचा उत्साह आहे आणि गुरुवारचे रडू आहे, आणि या दोन नोंदींवर तू आयुष्याचा निर्णय टेकवू पाहत आहेस. त्याऐवजी रात्रपाळी संपवून, पुढच्या पाळीला काम सोपवून परतीच्या विरार लोकलमध्ये बसलीस की पंधरा मिनिटे स्वतःसाठी ठेव. प्रथम त्या दिवसाबद्दल देवाचे आभार मान, प्रकाश माग, आणि मग गेल्या चोवीस तासांकडे शांतपणे पाहा: प्रीती, धीर, सौम्यता कोठे वाढली, मन कोठे आखडले, कोणत्या विचारानंतर तू रुग्णाशी तुटकपणे बोललीस. चुकले असेल तेथे क्षमा माग, उद्यासाठी एखादी लहानशी गोष्ट ठरव, आणि वहीत दोन ओळी लिही.

ही सवय नसली की काय होते, ते मी माझ्या घरी पाहिले आहे. माझी आई अंथरुणाला खिळली होती त्या वर्षी मी चर्चच्या गायनवृंदाची जबाबदारी अंगावर घेतली. देवाची स्तुती करायची, यात वाईट काय असणार? नाताळच्या आधीचे दोन महिने मी रोज संध्याकाळी तालमीला जात होतो आणि पत्नी एकटीच आईची कूस बदलत होती. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेच्या उपासनेनंतर लोकांनी फार कौतुक केले. घरी आलो, तर आईच्या उशाशी संध्याकाळची पेज तशीच होती, वर पापुद्रा धरलेली, कारण ती भरवायला दुसरे माणूस नव्हते आणि पत्नी बसल्या जागी झोपी गेली होती. इग्नेशियस सांगतात की विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही तपासावे. आरंभ पवित्र असूनही शेवट जर कमी चांगल्याकडे नेत असेल, तर तो विचार कोणाकडून आला याची शंका घ्यावी. सैतान प्रकाशाच्या दूताचे रूप घेतो, हे पौलाचे वचन मी लहानपणापासून ऐकले होते. त्याचा अर्थ त्या वाडग्याकडे पाहताना उमगला. म्हणून आईसाठी राहणे हे आपोआप पुण्याचे आणि कुवेतला जाणे हे आपोआप लोभाचे, असेही धरून चालू नकोस. राहण्यामागे भीती असू शकते, आणि जाण्यामागे भावाच्या शिक्षणाची निर्मळ कळकळ.

उद्विग्न असताना निर्णय फिरवू नये, हा इग्नेशियस यांचा आणखी एक नियम. मात्र थकवा आणि उद्विग्नता यांत गल्लत करू नकोस. जीव नकोसा झालेल्या एलिया संदेष्ट्याला देवाने आधी झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. देवाचा तो मंद, शांत आवाज त्यानंतर पुष्कळ दिवसांनी आला. सलग रात्रपाळ्यांनंतर आलेले रडू हे आधी झोपेचे मागणे समज.

मामा 'कुवेतला जायलाच हवे' म्हणतात, त्यांचे म्हणणे आदराने ऐक, पण निर्णय त्यांच्यावर सोपवू नकोस. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागे लगेच गेल्या नाहीत. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांच्या मनाला स्वतःहून पटत गेले आणि १९०० मध्ये त्यांनी आपल्या पायांनी येऊन बाप्तिस्मा घेतला. या पाच वर्षांबद्दल मला फार आदर वाटतो.

उत्तराची मुदत महिनाअखेरीस आहे, म्हणजे हाताशी अजून १९ दिवस आहेत. पहिले दहा दिवस नुसती वही लिही. मग एक दिवस कल्पना कर की तुझ्याच वयाची, तुझ्या ओळखीची नसलेली एखादी परिचारिका हीच अडचण घेऊन आली आहे. तिचे भले व्हावे एवढेच मनात ठेवून तू तिला काय सांगशील, ते लिहून काढ. जे ठरेल ते प्रार्थनेत देवापुढे ठेव आणि उरलेले दिवस मन स्थिर राहते का ते पाहा. आईशीही बोल. तुझ्या पत्रात तिच्या गुडघ्यांविषयी पुष्कळ आहे, तिला स्वतःला काय वाटते याविषयी एक ओळही नाही.

रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर मी चर्चच्या मागे, विहिरीजवळच्या बाकावर असेन. वही आणलीस तरी ती मला दाखवायची गरज नाही.

तुझा,
सर