मुलगी ‘सिकल पॉझिटिव्ह’ निघाली, आता तिचं लग्न कसं होणार?

‘मॅडम, पोरीत सिकल निघालं जी. आता कोण करन तिच्याशी लगन?’

पूर्व विदर्भात समुपदेशनाचं काम करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. विचारणारा बहुतेक वेळा बाप असतो. त्याच्या खिशात शिबिरातून मिळालेला घडी घातलेला कागद असतो आणि जिच्याबद्दल बोलणं चाललंय ती मुलगी खाली मान घालून शेजारी बसलेली असते. आज ज्या कुटुंबाबद्दल लिहिते आहे, त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मुलगी 23 वर्षांची, बी.एड.ला शिकणारी. धाकटा भाऊ सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा, रुग्ण. लहानपणापासून त्याचे हातपाय ठणकायचे, डोळे पिवळे व्हायचे, रक्त चढवायला दवाखान्यात भरती करावं लागायचं. त्यामुळे कॉलेजच्या शिबिरात हिच्या नावापुढे ‘पॉझिटिव्ह’ लिहून आलं, तेव्हा घरच्यांनी एकच अर्थ लावला: आता हिलाही तेच होणार. एक स्थळ जुळत आलं होतं, त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्यांनी फोन उचलणं बंद केलं.

मी आधी तो कागद पाहिला. त्यावर फक्त सोल्युबिलिटी टेस्टचा निकाल होता. शिबिरात हीच तपासणी करतात, कारण ती स्वस्त आहे आणि काही मिनिटांत होते. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही, एवढंच ती सांगते. माणूस वाहक आहे (आजाराचं जनुक अंगात आहे, पण आजार नाही) की रुग्ण, हे तिला कळत नाही. ते कळायला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करावी लागते. या दुसऱ्या तपासणीशिवाय कुणाच्या लग्नाचा निर्णय घेऊ नये, आणि पॉझिटिव्ह एवढाच शब्द लिहिलेला कागद समजावून सांगितल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्या एका शब्दाने घरं हादरतात.

एचपीएलसीचा रिपोर्ट आला. नेहमीचं हिमोग्लोबिन ए निम्म्याहून जास्त, सिकलचं हिमोग्लोबिन एस सदतीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एएस, वाहक.

‘मग मला कधी होईल?’ तिने विचारलं. पहिल्यांदाच बोलली ती.

होणार नाही, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. वाहक माणूस वाढत्या वयात रुग्ण होत नाही. हिमोग्लोबिनची एक साखळी कशी बांधायची याची माहिती देणारं जनुक आपल्या अकराव्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. सिकलमध्ये त्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं आणि त्यामुळे साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. बदल एवढाच. पण दोन्ही प्रती तशा असल्या, तर ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वेळेआधीच फुटतात. निरोगी पेशी साधारण 120 दिवस जगते, ही दोन-तीन आठवड्यांतच संपते. तिच्या भावाचं ठणकणं आणि पिवळे डोळे यातूनच आले होते. तिच्या रक्तात मात्र दुसरी प्रत चांगली आहे, आणि एरवीच्या आयुष्यात तेवढी पुरते. फार कष्टाच्या कामात पाणी पीत राहायचं, उंच डोंगरावर जायचं असेल किंवा ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, एवढं तिने लक्षात ठेवायचं.

आजी या बैठकीला आली होती. ‘हे सारं हिच्या आईच्या माहेरून आलं,’ म्हणाली. सुनेने मान वर केली नाही. हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलं आहे की ते तिथल्या तिथे थांबवल्याशिवाय मी पुढे जात नाही. नातू एसएस आहे, म्हणजे त्याच्या दोन्ही प्रती सिकलच्या, एक आईकडून आली आणि एक बापाकडून. दोघांकडून आल्याशिवाय एसएस होतच नाही. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘पण आमच्या घराण्यात कोणालेच नव्हतं जी.’ होतं, पण दिसत नव्हतं. वाहकाला काहीच होत नसल्यामुळे असं जनुक पिढ्यान् पिढ्या गुपचूप पुढे जातं. आणि त्याचं टिकून राहणंही कुणाच्या पापाचं फळ नाही. वाहकांना जीवघेण्या फॅल्सिपॅरम मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन या संशोधकाने 1954 साली पूर्व आफ्रिकेत दाखवलं. आपला जंगलपट्टाही मलेरियाचाच. ज्यांच्या अंगात ही एक प्रत होती ते तापातून वाचले, म्हणून ती पुढे आली.

काही महिन्यांनी दुसरं स्थळ आलं. या वेळी मुलगीच अडून बसली: आधी रिपोर्ट सांगायचा, मग पुढचं बोलायचं. आई घाबरली होती, पण मुलीचा निर्णय मला पटला. मी तिला आणखी एक सुचवलं, की मुलाचाही रिपोर्ट मागायचा, आणि तो एचपीएलसीच हवा. सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तरी तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही, कारण मुलगा बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक असेल तर त्या तपासणीत ते दिसत नाही. सिकल आणि बीटा थॅलेसेमिया एकत्र आले तरी मूल आजारी होऊ शकतं.

इथे थोडं मनातलं लिहिते. लग्नाआधी कुंडलीऐवजी सिकलसेलचं कार्ड, म्हणजे तपासणीचा निकाल लिहिलेलं कार्ड, जुळवा, असा प्रचार आपल्याकडे चालतो. हेतू चांगला आहे. पण गावात त्याचा अर्थ ‘वाहक मुलगी नको’ असा लावला जातो. मुलीचं कार्ड मागतात, मुलाचं कुणी विचारत नाही. वाहक मुलीचं लग्न निरोगी जनुकं असलेल्या मुलाशी झालं, तर एकही मूल सिकलसेलचं रुग्ण होत नाही. फार तर काही मुलं तिच्यासारखीच वाहक होतील. अशा मुलीला नाकारण्यात वैद्यकीयदृष्ट्या काहीच हशील नाही.

पण या गोष्टीत मुलाचा रिपोर्टही एएस आला.

दोन्ही घरं एकत्र आली. मी टेबलावर दोन डब्या ठेवल्या, प्रत्येकीत एक लाल आणि एक पांढरा मणी. लाल म्हणजे सिकलची प्रत. मुलीने एका डबीतून न बघता एक मणी काढायचा, मुलाने दुसरीतून. पहिल्याच खेपेला लाल-लाल. मणी परत टाकले, डब्या हलवल्या, पुन्हा काढले. पुन्हा लाल-लाल. मुलाच्या आईने तोंडाला पदर लावला. त्याचे मामा म्हणाले, ‘दोनदा येऊन गेलं, आता तिसऱ्यांदा नाही येणार.’ हाच समज मला काढून टाकायचा होता. डबीला आधीचं काही आठवत नसतं. प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मूल एसएस होण्याची, चारात दोन वाहक होण्याची, चारात एक पूर्ण निरोगी असण्याची. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून दुसरं सुटत नाही, आणि पहिलं निरोगी निघालं म्हणून दुसऱ्यावर पाळी येत नाही.

मामांनी मग मोबाईल काढला. ‘मॅडम, आता तर जीन बदलायचं औषध निघालं म्हणते. मंग कायले भ्यायचं? झालं पोर बिमार, तर जीन बदलून टाकू.’

प्रश्न रास्त होता, म्हणून मी नीट उत्तर दिलं. क्रिस्पर नावाच्या तंत्राने डीएनए ठरावीक जागी कापता येतो. त्यासाठी इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांना 2020 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यावर आधारलेला सिकलसेलचा पहिला उपचार, कॅसजेव्ही, ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 2023 मध्ये मंजूर झाला आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत, 12 वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी. अमेरिकेत मंजुरी देताना ज्या 31 रुग्णांचा पुरेसा पाठपुरावा झाला होता, त्यांतल्या 29 जणांना किमान सलग वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नव्हता. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि हे सांगताना मलाही बरं वाटतं.

पण यात सिकलचं बिघडलेलं अक्षर दुरुस्त होत नाही. बाळ पोटात असताना त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर ते बनणं जवळजवळ बंद होतं. ते बंद ठेवणाऱ्या बीसीएल11ए या जनुकाचा रक्तपेशींमधला जोर क्रिस्परने कमी करतात, म्हणजे बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं आणि सिकलला आवर बसतो. त्यासाठी रुग्णाच्या रक्तातल्या मूळपेशी काढून प्रयोगशाळेत बदलतात, मग जोरदार केमोथेरपी देऊन अस्थिमज्जा (हाडांतला रक्त बनवणारा मगज) रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी परत सोडतात. कित्येक आठवडे रुग्णालयात राहावं लागतं, केमोमुळे पुढे मूल न होण्याचा धोका असतो. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर, आपले 18 कोटींच्या वर. दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या जनुकशास्त्राच्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्याकडच्या रुग्णांना परवडेल असा उपचार तयार करण्याचं काम चालू आहे, आणि त्यावर माझी खरीच आशा आहे. पण आज ठरणाऱ्या लग्नाचा हिशेब त्या आशेवर मांडता येत नाही. शिवाय हा बदल फक्त रक्त बनवणाऱ्या पेशींत होतो. बीजांडात आणि शुक्राणूंत जुनीच प्रत राहते, त्यामुळे उपचार झालेला रुग्णही आपल्या मुलाला सिकलचं जनुक देतोच.

मामांचा पुढचा प्रश्न ठरलेलाच: मग गर्भातच बदला ना! चीनमध्ये ‘हे जियानक्वी’ नावाच्या संशोधकाने 2018 मध्ये भ्रूणांची जनुकं बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं. पुढे त्याला तीन वर्षांची कैद झाली. भारतात आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या नियमांत असं करायला मनाई आहे. जे पुढच्या पिढ्यांत कायमचं उतरेल, ते आज पुरेशा खात्रीने करता येत नाही.

मग हातात काय उरतं? गर्भाची तपासणी. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीक तुकडा घेऊन बाळ एए (दोन्ही प्रती चांगल्या), एएस की एसएस हे कळतं. कायद्याने अशा आजारांसाठी ही तपासणी करता येते, लिंग सांगता येत नाही. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातली आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था हे काम बरीच वर्षं करते. चंद्रपुरातही आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं केंद्र आहे. पाळी चुकताच नोंद करायची, म्हणजे पुढच्या निर्णयाला कायद्याच्या मुदतीत वेळ मिळतो.

मुलीचे बाबा म्हणाले, ‘तुम्हीच सांगा मॅडम, लगन करू का नको?’ ते मी कधीच सांगत नाही. हे लग्न न करणं, मूल दत्तक घेणं, गर्भाची तपासणी करणं, किंवा जे मूल येईल त्याला पहिल्या दिवसापासून उपचार देणं, यांतली कुठलीही वाट त्या दोघांची असते.

त्याच वेळी मुलगी बोलली. भाऊ खोलीतच, भिंतीला टेकून उभा होता. ‘मॅडम, तपासणीत एसएस आलं तर पाडायचं, असंच ना? माझा भाऊ एसएस आहे. तो नको होता असं मी कसं म्हणू?’

खोलीत कुणी काही बोललं नाही. मी तिला म्हटलं, ‘तपासणी केली म्हणजे पाडायलाच हवं, असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. काही जोडपी गर्भपात करतात, काही करत नाहीत. ज्यांना मूल हवंच असतं, त्यांना आधी कळल्यामुळे तयारी करता येते. लसी, पेनिसिलिन, फॉलिक ॲसिड, वेळेवर झटके कमी करणारं हायड्रॉक्सीयुरिया. तुझ्या भावाचं निदान उशिरा झालं, त्याला सोसावं लागलं ते बरंचसं त्यामुळे. आणि उद्या तू वेगळं ठरवलंस, तरी त्यात तुझ्या भावाचा अपमान नाही.’ भाऊ म्हणाला, ‘ताई, दुखते तवा मीच म्हणतो ना, हे कोणालेच नको.’

बऱ्याच दिवसांनी दोघं एकटेच आले. लग्न करायचं ठरलं होतं. तपासणी करायची, निकाल आल्यावर पुढचं दोघांनीच ठरवायचं आणि घरच्यांनी त्यात पडायचं नाही, एवढं त्यांनी मोठ्यांकडून कबूल करून घेतलं होतं. मुलाच्या आईचं मन अजून वळलं नव्हतं. तिच्याशी मी पुढे वेगळी बोलले.

पण या सगळ्यात ज्याला सगळ्यात जास्त गरज होती, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. भावाने हायड्रॉक्सीयुरिया सोडून दिलं होतं. ‘ते कॅन्सरचं औषध आहे’ असं गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं. ते रक्ताच्या काही कर्करोगांतही वापरतात, हे खरं. पण सिकलसेलमध्ये ते कमी मात्रेत देतात, त्यानेही बाळाचं हिमोग्लोबिन वाढतं आणि झटके कमी होतात. ठरलेल्या वेळी रक्ततपासणी करत राहायची. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. जाताना त्याने हळूच विचारलं, ‘मले लगन करता येईल का?’ येईल. बायको एए असेल तर सगळी मुलं वाहक होतील, रुग्ण एकही नाही. ती एएस असेल तर प्रत्येक वेळी निम्मी शक्यता.

आणखी एक गोष्ट मी ताईला सांगितली. अस्थिमज्जा जुळली, तर वाहक बहीण आपल्या भावाची दाता होऊ शकते. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. जिला इतके दिवस आपलं रक्त खराब वाटत होतं, तिने त्याच आठवड्यात, अस्थिमज्जा जुळते का हे पाहणाऱ्या एचएलए तपासणीसाठी नमुना दिला. निकाल यायचा आहे.