टेबलाखालचे पाकीट आणि मैदानावरचा मुलगा

वाचकांचे प्रश्न : खेळ आणि शिक्षण

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे आणि पाचवीपासून फुटबॉल खेळतो. गेल्या महिन्यात बाहेरगावच्या एका महाविद्यालयाच्या वतीने एक गृहस्थ आमच्या घरी येऊन गेले. पूर्ण फी माफ, राहण्याजेवण्याची सोय, बूट आणि किट मिळेल, शिवाय एका हितचिंतकाकडून दरमहा चार हजार रुपये रोख मिळतील, हजेरीचे आम्ही पाहून घेऊ, मात्र हे कोणाजवळ बोलू नका, असे त्यांनी सांगितले. मी अंबडला कंपनीत कामाला आहे आणि ही रक्कम आमच्यासाठी लहान नाही. अमेरिकेत अशाच प्रकारामुळे एका विद्यापीठाचा फुटबॉल संघच बंद केला होता, असे वाचनात आले. मुलाच्या खेळाला कोणी पैसे देत असेल, तर त्यात चूक काय आहे?
— एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : आपले पत्र मी तीन वेळा वाचले आणि प्रत्येक वेळी ‘कोणाजवळ बोलू नका’ या शब्दांपाशी येऊन थांबलो. फी माफी, वसतिगृह, जेवण, बूट हे सारे महाविद्यालयाने आपल्या नावाने, आपल्या शिक्क्यानिशी दिले, तर त्यात गैर काहीही नाही. खेळाडू घडवायचा तर त्याचे पोट आणि पाय दोन्ही सांभाळावेच लागतात. प्रश्न आहे तो ज्याचे नाव आपल्याला सांगितले गेले नाही अशा माणसाच्या रोख पैशांचा आणि त्यासोबत आलेल्या गुप्ततेच्या अटीचा.

आपण ज्या संघाविषयी वाचले, तो टेक्सास राज्यातील डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा. तेथील महाविद्यालयीन खेळांचे नियमन एनसीएए ही संघटना करते, आणि तिच्या तेव्हाच्या नियमांनुसार खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे रोख रक्कम, गाडी, घरभाडे यांपैकी काहीही घेता येत नसे. विद्यापीठाचे श्रीमंत पाठीराखे, ज्यांना तिकडे ‘बूस्टर’ म्हणतात, ते मात्र चांगले खेळाडू आपल्याच संघात यावेत म्हणून गुपचूप पैसे पुरवीत. या विद्यापीठाला त्याबद्दल आधी शिक्षा झालेली होती. तरीही १९८५-८६ या एका शैक्षणिक वर्षात तेरा खेळाडूंना मिळून सुमारे ६१ हजार डॉलर दिले गेले; कोणाला महिन्याला ५० डॉलर, तर कोणाला ७२५. पैसे थांबले का नाहीत, हे समजून घेण्यासारखे आहे. मुलांना शब्द दिलेला होता, आणि हप्ता तोडला तर मुले तोंड उघडतील, ही भीती होती. विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लेमेंट्स पुढे टेक्सासचे गव्हर्नर असताना त्यांनी १९८७च्या मार्चमध्ये जाहीरपणे मान्य केले, की हे पैसे सुरू ठेवण्यास आपली संमती होती. म्हणजे अळीमिळी गुपचिळीचा हा खेळ मैदानापासून थेट विद्यापीठाच्या सर्वोच्च खुर्चीपर्यंत पोहोचलेला होता.

फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएने त्या वर्षीचा संपूर्ण हंगाम रद्द केला. १९८८ साली विद्यापीठाने स्वतःच संघ उतरवला नाही. इतर विद्यापीठांचे प्रशिक्षक डॅलसला येऊन उरलेले खेळाडू आपल्याकडे वळवू लागले, आणि १९८९ साली संघ पुन्हा उभा राहिला तेव्हा त्यात बहुतेक कोवळी, अननुभवी मुले होती. त्या हंगामात ह्यूस्टनविरुद्ध ते ९५-२१ असे हरले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला देशातील अव्वल संघांत गणले जाणारे हे विद्यापीठ १९८४ नंतर थेट २००९ सालीच हंगामाअखेरच्या मानाच्या ‘बोल’ सामन्यात पोहोचू शकले. त्या ९५ गुणांचा मार खाल्लेल्या मुलांपैकी बहुतेकांनी कोणाचेही पाकीट घेतलेले नव्हते.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात असेच झाले. रेजी बुश या खेळाडूला आणि त्याच्या कुटुंबाला पुढे त्याचे एजंट होऊ पाहणाऱ्यांनी पैसे आणि राहायला घर दिल्याचे निष्पन्न झाले. हे सारे २००५च्या आसपासचे. शिक्षा आली जून २०१० मध्ये. दोन वर्षे बोल सामन्यांवर बंदी आणि तीन वर्षांत तीस शिष्यवृत्त्यांची कपात. तोवर बुश व्यावसायिक खेळाडू झाला होता, प्रशिक्षक पीट कॅरोल त्याच वर्षी जानेवारीत सिॲटलच्या व्यावसायिक संघाकडे गेले होते, आणि बंदी भोगली ती २००५ मध्ये शाळेच्या बाकावर बसलेल्या मुलांनी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. अलीकडे निदान ही जाण आली आहे : टेनेसी विद्यापीठात १८ गंभीर नियमभंग सिद्ध झाले, तेव्हा जुलै २०२३ मध्ये त्या वेळी संघात असलेल्या खेळाडूंना सामन्यांपासून न रोखता विद्यापीठाला ८० लाख डॉलरहून अधिक दंड करण्यात आला.

आता माझ्या डोळ्यांसमोरचे सांगतो. १९९०च्या दशकात मी एका महाविद्यालयात क्रीडा शिक्षक होतो. सुरगाणा तालुक्यातील एक मुलगा कबड्डीसाठी आमच्याकडे आला. त्याची फी महाविद्यालयाने माफ केली, आणि मेसची कूपने व दरमहा काही रक्कम एक देणगीदार परस्पर देत असत. कागद कोठेच नव्हता. नोव्हेंबरात चढाई करताना त्याच्या उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो ताट घेऊन मेसच्या खिडकीशी उभा होता, हातात गेल्या महिन्याच्या कूपनवहीची नुसती अर्धुके, आणि मेसवाला त्याला नवी वही आण म्हणून सांगत होता. नवी वही आलीच नाही. मी त्या देणगीदारांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की आपण कोणाला काही कबूल केले नव्हते. आणि कागदोपत्री ते खरे होते. दुसरे वर्ष पूर्ण न करता तो मुलगा गावी परतला. मी त्या वेळी प्राचार्यांकडे लेखी तक्रार करायला हवी होती. ती मी केली नाही, याची खंत आजही आहे.

म्हणून आपल्याला माझे सांगणे असे आहे, की त्या गृहस्थांना नकार देण्यापूर्वी एकदा थेट महाविद्यालयात जा आणि प्राचार्यांना व क्रीडा संचालकांना एकत्र भेटा. फी माफी किती वर्षांची, दुखापत झाली किंवा संघात निवड झाली नाही तर ती टिकणार का, वसतिगृह आणि मेसचा खर्च कोणाच्या नावावर पडणार, हे सारे पत्रावर मागा. दरमहाची रक्कम द्यायचीच असेल, तर ती शिष्यवृत्ती म्हणून मुलाच्या बँक खात्यात महाविद्यालयाकडून यावी. ‘हजेरीचे पाहून घेऊ’ या वाक्याला मात्र तिथल्या तिथे नाही म्हणा; आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळायचे तर मुलगा त्या विद्यापीठाचा नियमित आणि खरा विद्यार्थी असावा लागतो, आणि खोट्या हजेरीच्या आधारावर उभा असलेला खेळाडू कोणत्याही तक्रारीसरशी अपात्र ठरू शकतो. पत्र मिळाले तर मुलाला खुशाल पाठवा. नाही मिळाले, तर आपल्याला उत्तर मिळालेच आहे.

प्रश्न : अमेरिकेत आता महाविद्यालयीन खेळाडूंना उघडपणे पैसे मिळतात. मग पूर्वी ज्यांना शिक्षा झाली ते निर्दोषच होते, असे म्हणावे काय?
— विधी शाखेचा विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : काही बाबतीत होय, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१० साली जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीन या खेळाडूने आपली सामन्यात घातलेली जर्सी एक हजार डॉलरला विकली म्हणून त्याला चार सामने बाहेर बसवले गेले. जर्सी त्याची, घाम त्याचा, आणि त्याच्याच क्रमांकाच्या जर्सी विकून विद्यापीठाने पैसे मिळवण्यास मात्र कोणाचीही हरकत नव्हती. प्रशिक्षकांचे पगार लाखो डॉलरच्या घरात आणि खेळाडूने एक हजार घेतले तर तो गुन्हा, हा न्याय नव्हता. एनसीएएचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच लिहून ठेवले आहे, की ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द जायबंदी खेळाडूंना कामगार म्हणून भरपाई द्यावी लागू नये यासाठी रूढ केला गेला. कायद्याचे विद्यार्थी म्हणून आपण या एका शब्दाचा इतिहास जरूर अभ्यासावा. एखादी व्याख्या माणसाच्या हक्काआड कशी उभी राहते, हे त्यातून कळते.

२१ जून २०२१ रोजी ‘एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन’ खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य अशा एकमताने संघटनेच्या विरोधात निकाल दिला. तो खटला शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता. पण वारे फिरले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव, छायाचित्र आणि प्रसिद्धी यांच्या बळावर जाहिरातींतून कमाई करता येऊ लागली, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे स्वतः खेळाडूंना पैसे देऊ लागली. २०२५-२६ साठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर आहे. वर्षातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन फुटबॉलपटूला मिळणारा आणि रेजी बुशला सोडावा लागलेला हाइझमन करंडकही एप्रिल २०२४ मध्ये त्याला परत मिळाला.

तरीही सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. आपली जर्सी विकणारा मुलगा आणि मुलांना पैसे देऊन चौकशीत खोटे बोलणारा प्रशिक्षक यांचा दोष सारखा नाही. पहिल्याच्या वेळी नियम चुकीचा होता. दुसऱ्याने विश्वास मोडला, आणि तो कोणत्याही नियमावलीत दोषच राहील. आज जे उघड झाले आहे त्यात करार असतो, कर भरला जातो, वकील असतो. टेबलाखालच्या पैशांत यातले काहीच नव्हते, आणि म्हणूनच त्यात खेळाडू सर्वांत दुबळा होता.

प्रश्न : हा फुटबॉल म्हणजे आपण खेळतो तोच का?
— इयत्ता नववी, देवळाली कॅम्प

उत्तर : नाही. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड पॅड आणि मुख्यतः हातांनी खेळ. आपल्या फुटबॉलला ते ‘सॉकर’ म्हणतात.

प्रश्न : मी निवृत्त क्रीडा संचालक आहे. पैशांपेक्षा गुण आणि हजेरीतील लबाडी मला अधिक घातक वाटते. आपले मत काय?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : सर, आपण दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात चॅपेल हिल येथे १९९३ ते २०११ या अठरा वर्षांत ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी असे ‘वर्ग’ पूर्ण केले, ज्यांत तास होतच नसत. एक निबंध द्यायचा आणि चांगले गुण घ्यायचे, आणि कित्येकदा तो निबंध प्राध्यापकाऐवजी कार्यालयातील कर्मचारी तपासत असे. त्या विद्यार्थ्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू होते. २०१४च्या चौकशी अहवालात हे सविस्तर आले, आणि २०१७ मध्ये एनसीएएने निर्णय दिला की हे वर्ग खेळाडूंप्रमाणेच इतर विद्यार्थ्यांनाही खुले असल्यामुळे आपल्या नियमांखाली कारवाई करता येत नाही. जर्सी विकली तर चार सामने बाहेर, आणि अठरा वर्षे शिक्षणच दिले नाही तर काहीच नाही. मला या साऱ्या विषयात याहून अधिक संताप दुसऱ्या कशाचा आलेला नाही. पैसे खर्च होऊन जातात. पण तीन वर्षे वर्गाबाहेर ठेवलेल्या मुलाला ती वर्षे कोणीही परत देऊ शकत नाही. आपल्यासारख्या अनुभवी मंडळींनी जवळच्या महाविद्यालयात जाऊन खेळाडूंसाठी सामन्यांनंतरचे जादा तास सुरू करून दिले, तर हजेरी ‘पाहून घेण्याची’ गरजच उरणार नाही.

प्रश्न : माझ्या मुलाने दोन महिने असेच पैसे घेतले असल्याचे मला परवा समजले. पाकीट त्याच्या पुस्तकांच्या खणात होते. तो घाबरलेला आहे आणि मीही. आता काय करावे?
— एक आई, नाशिक रोड

उत्तर : ताई, प्रथम मुलावर रागावू नका. त्याला ते पैसे देणारा माणूस प्रौढ होता आणि नियम ठाऊक असूनही त्याने ते दिले.

ओहायो राज्य विद्यापीठाच्या काही खेळाडूंनी आपल्या अंगठ्या, जर्सी आणि मिशिगन विद्यापीठावरील विजयाबद्दल मिळणारी सोन्याची चिमुकली पदके देऊन त्या बदल्यात टॅटू आणि पैसे घेतल्याचे २०१० साली उघड झाले. मुलांना पाच सामन्यांची बंदी झाली. प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांना हे त्या वर्षी एप्रिलमध्येच ई-मेलने कळले होते. त्यांनी ते दडवले, आणि ते दडवणेच त्यांना भोवून मे २०११ मध्ये राजीनामा द्यावा लागला. २०१२ साली तो संघ एकही सामना न हरता बाराही सामने जिंकला आणि तरीही विद्यापीठावर आलेल्या बंदीमुळे बोल सामन्याला मुकला. एप्रिलमध्येच कोणी बोलले असते, तर प्रकरण इतके वाढले नसते.

आपणही थांबू नका. कोणत्या तारखेला, कोणी, किती पैसे दिले, हे मुलाकडून शांतपणे विचारून एका कागदावर उतरवून घ्या. उरलेले पैसे तसेच पाकिटात ठेवा आणि यापुढचे घेऊ नका. येत्या सोमवारीच प्राचार्यांची वेळ घ्या, लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. मुलाला सोबत न्या, त्याला आपल्या शेजारी बसवा. पण बोलणे आपण करा.