ऑर्केस्ट्रात चेलो वाजवायचं ठरवलंयस तर

कॉन्चेर्टो (एकट्या वाद्याला ऑर्केस्ट्राची साथ असलेली रचना) नीट बसलाय, आता ऑडिशन द्यायला घेऊ का असं तू विचारलंयस. घे की! पण हायडन किंवा द्वोर्झाक या संगीतकारांच्या कॉन्चेर्टोची सुरुवातीची पानं वाजवून तू फक्त पॅनलचं लक्ष वेधशील, नोकरी ठरते ती एक्सर्प्ट्सवर, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या रचनांमधल्या निवडक तुकड्यांवर, आणि मुलं नेमके तेच शेवटच्या पंधरवड्यात उरकतात याचं मला फार वाईट वाटतं.

उदाहरणार्थ बीथोवनच्या पाचव्या सिंफनीची दुसरी मूव्हमेंट (दुसरा भाग) घे. सुरुवात चेलो आणि व्हायोला एकत्र करतात, आवाज हळू, चाल सोपी, कागदावर बघून वाटतं यात काय एवढं. पण डॉटेड रिदममधली (एक लांब, एक अगदी छोटी नोट अशा लयीतली) ती छोटी नोट जराशी लांबली की सगळं ट्रिप्लेटसारखं, म्हणजे मात्रेचे तीन सारखे भाग केल्यासारखं, ऐकू यायला लागतं आणि वाजवणारा दिसू नये म्हणून लावलेल्या पडद्यापलीकडच्या पॅनलला ते पहिल्या ओळीतच कळतं. त्यामुळे मात्रेचे बारीक भाग मनात मोजत वाजव, मेट्रोनोम लावून आणि मग बंद करून, आणि रेकॉर्ड करून ऐक, वाजवताना स्वतःचं ऐकू येतं ते खरं नसतं.

सिलेक्शन झालं म्हणजे झालं असंही नाही गं, बऱ्याच ठिकाणी आधी ट्रायल पिरियड असतो, आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये तर आधी स्टेट ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात किमान तीन वर्षं वाजवावं लागतं. या काळात तू किती सुंदर वाजवतेस यापेक्षा शेजारच्याला तुझ्यासोबत वाजवताना कसं वाटतं हे जास्त बघितलं जातं. तुझा आवाज वेगळा ऐकू आला तर ते कौतुक नाही. मागच्या डेस्कवर (दोघांत एक स्टँड असलेल्या जागेवर) बसलीस तर कानावर विसंबू नकोस, लांबून येणारा आवाज उशिरा पोचतो, तो ऐकून वाजवलंस तर मागेच पडशील, प्रिन्सिपलच्या, म्हणजे चेलो विभागाच्या प्रमुखाच्या, गजाकडे (बो) आणि कंडक्टरच्या हाताकडे बघ. डेस्कवर आतल्या बाजूला बसलेला पानं उलटतो, ते काम मनापासून कर. बोइंग (गज कुठल्या दिशेने ओढायचा ते) बदललं की लगेच पेन्सिलने लिही, पेन नको.

आणि खांदा दुखायला लागला तर तसंच रेटू नकोस, त्याच दिवशी थांब, कित्येकांनी असंच पुढे ढकलून हात कायमचा बिघडवून घेतलाय.

जागा मिळेपर्यंत एक्स्ट्रा (तात्पुरती वादक) म्हणून जिथे बोलावतील तिथे जा, रिहर्सलला लवकर पोच, पार्ट (तुझ्या वाद्याची पानं) आदल्या दिवशीच तयार ठेव, पुढचा फोन त्यावरच येतो. आणि एक्सर्प्ट्सची रेकॉर्डिंग मला पाठव, ऐकून सविस्तर लिहिते.