कॅल्गरीला येण्याआधी: सोलापूरच्या एका भावाला उत्तर

ऑक्टोबरात बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन जुळे सोलापुरातून थेट कॅनडातल्या कॅल्गरीला येतोयस, शहराच्या ईशान्य भागात एक बेसमेंट भाड्यानं ठरवलंयस. जॅकेट तिकडून आणू की इथं घेऊ, चादरी किती आणू, असं विचारलंस. आणि शेवटी लिहिलंस, "ताई, जे कुठं लिहिलेलं नसतं, तिथं राहूनच कळतं, ते सांगा." या शेवटच्या वाक्यामुळंच उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बस.

मी 2011 साली आले. माझं माहेर पूर्व भागातलं, घराला लागूनच आठ मागांचा कारखाना. आई आत भाकरी थापत असायची आणि मधेच ओरडायची, "तिसरा बंद पडला बघा." आठ मागांच्या खडखडाटातून एकाचा आवाज गेलेला तिला कळायचा. तसंच नळाचं. चार-पाच दिवसांनी पाणी, तेही कधी पहाटे तीनला. पाण्याच्या आधी नळातून हवा येते, तिचा फुसफुस आवाज झोपेतही कानावर पडायचा आणि आम्ही भावंडं घागरी घेऊन उठायचो. तुझ्याही घरात हे असेलच. गाव माणसाला असं कानातून, हातातून शिकवत असतं. इथं आले तेव्हा या गावाबद्दलचं असलं काहीही माझ्याकडं नव्हतं, आणि ते यायला मला तीन हिवाळे लागले. तुझे दोन तरी वाचावेत म्हणून लिहितेय.

आधी कपड्यांचं. आपण सुताच्या गावचे. सुती कापड अंगाला चांगलं, घाम शोषतं, हे आपल्याला जन्मापासून पाठ. इथं हिवाळ्यात तोच गुण घातक ठरतो. पहिल्या जानेवारीत मी आतून सुती बनियन, सुती सलवार आणि वरून महागातलं जॅकेट घालून बससाठी धावले. बस चुकली. पारा उणे 24. धावल्यामुळं आलेला घाम बनियननं धरून ठेवला आणि पाचच मिनिटांत पाठीला कुणीतरी बर्फाची लादी बांधल्यासारखं झालं. पुढची बस वीस मिनिटांनी होती. त्या रात्री घरी येऊन तासभर मला बोलता येत नव्हतं. तेव्हा अंगाला चिकटणारा थर सुती नको. मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरचा थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कापड, आणि सगळ्यांत वर वारा अडवणारं जॅकेट. मोजेही लोकरीचे. मुलीला पाच बोटांचे हातमोजे घेऊ नकोस, सगळी बोटं एकत्र राहतात तसले मिटन घे. बोटं एकमेकांना ऊब देतात. जॅकेट आणि बूट तिकडून अजिबात आणू नकोस. पुण्या-मुंबईच्या दुकानात जे 'उणे तीस'चं म्हणून विकतात ते इथल्या वाऱ्यात टिकत नाही, आणि इथं जुन्या कपड्यांच्या दुकानांत मुलांचे चांगले बूट नव्याच्या पाव किमतीत मिळतात, कारण मुलं एका हिवाळ्यात ते वापरून पुढच्या मापात जातात.

चादरी मात्र आण, माणशी दोन. लोक सांगतील की सोलापुरी चादरीनं तिकडची थंडी काय भागणार. घरात फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, चालू असते, खोली 20-21 अंशांवर असते, आणि त्या उबेला आपल्या जकार्डच्या चादरीइतकं योग्य पांघरूण मला इथं मिळालेलं नाही. शिवाय इथली हवा इतकी कोरडी की फ्लीसचं ब्लँकेट अंधारात ओढलं तर ठिणग्या दिसतात आणि चटका बसतो. सुती चादरीचं तसं होत नाही. आणखी एक गोष्ट, जी मला दुसऱ्या वर्षी सुचली. चादर धुतली की ड्रायरमध्ये टाकू नकोस. पिळून रात्री मुलीच्या खोलीत दोरीवर टाक. सकाळपर्यंत खडखडीत वाळते आणि खोलीतल्या हवेला ओलावा मिळतो. हिवाळ्यात लहान मुलांच्या नाकातून कोरडेपणानं रक्त येतं, माझ्या मुलाचं यायचं. त्यावर मी आपल्याकडच्या वाळ्याच्या पडद्याची युक्ती उलट्या ऋतूत वापरली, आणि त्याचं रक्त यायचं थांबलं.

आता आभाळाचं, कारण कॅल्गरी समजून घ्यायची तर ते आधी. सोलापूर पर्जन्यछायेत का, हे शाळेत शिकलो आपण. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आपल्यापर्यंत कोरडा वारा येतो. रॉकी पर्वत कॅल्गरीशी तेच करतात. पॅसिफिकवरून आलेली ओल डोंगराच्या पश्चिम उतारावर पडून जाते, मग तो वारा पूर्वेकडं खाली उतरतो, उतरताना दाबला जाऊन तापतो आणि आणखी कोरडा होतो. त्याला शिनूक म्हणतात. हिवाळ्यात पश्चिमेला डोंगरावर ढगांची लांबलचक कमान दिसली आणि तिच्याखाली निळ्या आभाळाची पट्टी, की समज शिनूक आला. उणे 20 चा पारा काही तासांत शून्याच्या वर जातो. लोक जॅकेट काढून फिरतात. काहींचं डोकं मात्र भयंकर दुखतं. तुझ्या बायकोला अर्धशिशी असेल तर ती कमान दिसताच गोळी हाताशी ठेवायला सांग.

पण खरा धोका शिनूकच्या दुसऱ्या दिवशी सकाळी असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दिवसा वितळलेलं पाणी फरशीवर, पायऱ्यांवर पसरतं, रात्री वारा थांबला की ते गोठतं, आणि त्याची काचेसारखी पारदर्शक साय धरते. फरशी फक्त ओली दिसते. मी दाराबाहेर दुसऱ्याच पावलाला पडले आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे भाकरी थापता आली नाही. माझ्या शेजारच्या आजी, ज्या इथं चाळीस वर्षं राहतात, त्यांनी मग शिकवलं की अशा सकाळी पाऊल सपाट टाकायचं, टाच आधी टेकवायची नाही, पावलं छोटी, हात खिशाबाहेर. आणि कानानं ऐकायचं. पारा उणे दहाच्या खाली असला की पायाखालचा बर्फ करकर वाजतो, तो बर्फ भरवशाचा, पाय धरतो. आवाज गेला, पायाखाली सगळं गुपचूप झालं, की सांभाळ. हे मला तिसऱ्या हिवाळ्यात जमलं, आणि जमलं त्या दिवशी मला आईचा तिसरा माग आठवला.

ऊन पाहून फसू नकोस, हेही त्यातलंच. आपल्याकडं ऊन म्हणजे तापलेलं. इथं जानेवारीत आभाळ निळंशार असेल तर थंडी कडक असते, ढग असतील तर जरा बरी, कारण ढग जमिनीची ऊब निसटू देत नाहीत. हवामानाच्या अंदाजात नुसता पारा बघायचा नाही, विंडचिल, म्हणजे वाऱ्यामुळं अंगाला जाणवणारी थंडी, बघायचं. ते उणे 28 च्या खाली गेलं की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. मुलीचे कान आणि गाल. आणि डिसेंबरात सकाळी साडेआठच्या सुमारास उजाडतं, दुपारी साडेचारला मावळतं. पहिल्या वर्षी हे मनाला फार लागतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं बाहेर चालायचंच, तुझ्या बायकोनंही. हे ऐच्छिक समजू नकोस. माझ्या ओळखीतल्या तीन बायका पहिल्या हिवाळ्यात घरात बसून खचल्या.

गाडी घेतलीस तर बॉनेटच्या पुढून एक प्लगची वायर लोंबताना दिसेल. ती इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची. रात्री पारा उणे 15-20 च्या खाली जाणार असेल तर ती लावायची, नाहीतर सकाळी गाडी चालू होईल याची खात्री नाही. हिवाळी टायर कायद्यानं सक्तीचे नाहीत, तरी घे. साधं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. डिकीत एक चादर, फावडं, पाणी.

पत्ता सांगताना दिशा सांगायला विसरू नकोस. शहराचे चार तुकडे आहेत, ईशान्य, वायव्य, आग्नेय, नैऋत्य. स्ट्रीट उत्तर-दक्षिण, अ‍ॅव्हेन्यू पूर्व-पश्चिम. एकाच नंबरचा रस्ता एकाहून जास्त तुकड्यांत असतो. मी एकदा मुलाखतीला सतराव्या अ‍ॅव्हेन्यूवर वेळेआधी पोचले आणि ती चुकीच्या तुकड्यातली होती. ती नोकरी गेली.

घरमालकाशी करार करताना एक गोष्ट लिहून घे, दारासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ कोण काढणार. बर्फ थांबल्यापासून 24 तासांत तो काढायचा असा शहराचा नियम आहे. माझ्या पहिल्या घरमालकानं करारात गुळमुळीत लिहिलं आणि पूर्ण हिवाळा माझ्याकडून काढून घेतला. बर्फ काढताना शेजारच्यांचाही चार हात काढ. इथं ओळखी तशाच होतात.

स्वयंपाकघरात पहिला महिना तुमची तूरडाळ शिजणार नाही. डाळीला दोष देऊ नका. कॅल्गरी हजार मीटरच्या वर आहे, उघड्या भांड्यात पाणी 96-97 अंशांवरच उकळतं, आणि पाणी जडही आहे. डाळ आधी भिजवायची, कुकरला एक-दोन शिट्ट्या जास्त. मिक्सर आणू नकोस, वीज 120 व्होल्टची आहे, आपला चालत नाही. त्यापेक्षा शेंगाचटणीसाठी खलबत्ता आण. वजन होईल, पण मशीनवरच्या चटणीला तेल सुटत नाही तसं, हे तुला सांगायला नको. ज्वारीचं पीठ ईशान्य भागातल्या भारतीय दुकानांत मिळतं, पण ते जुनं असतं, उकळत्या पाण्याशिवाय थापलं जात नाही. कडक भाकरी मात्र जरूर आण. मुंबईत माझ्या मावशीकडं ती चार दिवसांत मऊ पडायची, इथल्या कोरड्या हवेत महिनाभर कडक राहते. खायचं जे काही आणशील ते विमानतळावर सगळं जाहीर कर. ताजी फळं, रोपं, बी-बियाणं आणू नकोस.

आता तुझ्या हातात आधीच काय आहे ते सांगते, कारण तुझ्या पत्रात 'आम्हाला तिथलं काहीच येत नाही' असं तीनदा आलंय.

2021 च्या जूनच्या अखेरीला कॅनडाच्या पश्चिमेवर उष्णतेचा घुमट बसला, म्हणजे तापलेली हवा एका जागी कोंडून राहिली. शेजारच्या प्रांतात लिटन गावात पारा 49.6 अंशांवर गेला. कॅल्गरीतही पारा 35 च्या वर होता, आणि इथल्या बऱ्याच घरांत एसी नसतो. आमच्या गल्लीत सगळ्यांनी भर दुपारी वारा यावा म्हणून खिडक्या सताड उघडल्या होत्या. मी आपल्या एप्रिलसारखं केलं. सकाळी नऊच्या आत सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, ओली चादर दाराला, रात्री दहानंतर सगळं उघडं. शेजारच्या आजींना घरी आणून बसवलं. त्यांनी आत येऊन दोनदा विचारलं की एसी कुठं लपवलाय. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या चार घरांच्या खिडक्या सकाळीच बंद झाल्या.

मग 5 जून 2024. शहराला पाणी पुरवणारी सर्वांत मोठी जलवाहिनी फुटली. बागेला पाणी बंद, अंघोळी कमी करा, कपडे धुवायचं पुढं ढकला, अशा रोज सूचना यायच्या. लोक खरोखर गोंधळले होते, कारण नळ सोडला की पाणी येतं यापलीकडं त्यांना कधी विचारच करावा लागला नव्हता. मी बादली आणि मग काढला. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना, अंघोळीचं बादलीत धरून संडासाला, भांडी आधी पुसून मग धुवायची. उजनी धरणाच्या भरवशावर वाढलेल्या माणसाला यात नवीन काय? पण समोरच्या घरातली दोन मुलांची आई वही घेऊन आली आणि मी एका बादलीत अंघोळ कशी होते ते तिला सांगितलं. तिनं लिहून घेतलं.

आणि भाषा. तुझ्या कानावर लहानपणापासून मराठी, कन्नड, तेलुगू, दख्खनी हिंदी एकदम पडलेल्या आहेत. अर्धं वाक्य कळलं तरी उरलेलं चेहऱ्यावरून लावायची सवय तुला आहे. ईशान्य भागात पंजाबी, उर्दू, फिलिपिनो लोकांची टागालोग ऐकशील, आणि तू कुणाशीही बोलू शकशील, घाबरू नकोस.

गारा राहिल्या. 13 जून 2020 ला ईशान्य भागातच गारांनी घरांच्या भिंतीचे पत्रे फाडले, गाड्या चाळणीसारख्या झाल्या. गाडीच्या विम्यात गारपीट आहे का ते कागदावर वाच. उन्हाळ्यात दुपारी काळा ढग हिरवट दिसायला लागला तर गाडी आधी छपराखाली घाल. मुलगी रात्री आजारी पडली आणि दवाखान्यात न्यावं की नाही कळत नसेल तर 811 ला फोन कर, नर्स बोलते. आरोग्य कार्डाचा अर्ज पहिल्याच आठवड्यात.

तिकीट झालं की तारीख कळव. पहिल्या शनिवारी मुलीचे बूट घ्यायला मी येते. जाताना तिला जाड मोजे घालूनच आण, बूट त्या मोज्यांवर मापायचे असतात, आणि पुढं अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. घट्ट बुटात रक्त फिरत नाही, मग कितीही महागाचा बूट असला तरी पाय गारठतात.