पोरगी एएस हाय, मग रक्त कमीच राहणार ना जी?

ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. रक्ताचा रिपोर्ट घेऊन आलेल्या आयांच्या तोंडून हा प्रश्न मी सतत ऐकते. विदर्भात सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा लाल पेशींचा आजार, गावोगावी माहीत आहे, त्यामुळे रक्तातली प्रत्येक उणीव त्याच्याच खात्यावर पडते.

यवतमाळकडची एक आई अशीच आली. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगी चौदा वर्षांची, सिकलसेल वाहक म्हणजे एएस (एकाच पालकाकडून सदोष जनुक आलेली, स्वतःला आजार नसलेली), हिमोग्लोबिन 9.2. 'सिकलसेलवाल्याले लोहाची गोळी चालत नाही' असं शेजारणीनं सांगितलं, म्हणून गोळ्या बंद. सासूच्या मते दोष सुनेच्या माहेरचा. नववीतल्या पोरीच्या लग्नाची चिंताही सुरू झाली होती!

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी. रिपोर्टमधल्या आकड्याला घरानं कोणता अर्थ चिकटवलाय ते आधी ऐकायचं आणि तो टिकतो का, हे त्यांनाच तपासू द्यायचं, ही माझी रीत.

"ताई, तुमची तपासणी झाली होती?"

"झाली ना जी. मीबी एएसच. माह्याकडूनच तर आलं तिले."

"आणि तुमचं हिमोग्लोबिन?"

पिशवीतून शिबिरातला घडी पडलेला कागद निघाला. 12.4.

"तुम्ही एएस, तीही एएस. मग तुमचं बरं कसं?"

त्या कागदाकडे पाहत राहिल्या, मग लेकीकडे. "म्हंजे हिचं दुसरंच काही हाय?"

हेच मी सांगितलं असतं तर त्यांनी मान हलवली असती आणि घरी जाऊन गोळ्या पुन्हा फळीवर ठेवल्या असत्या. स्वतःच्या तोंडून निघालेलं माणूस विसरत नाही, हा माझा अनुभव.

वाहक असल्यानं सहसा रक्त कमी होत नाही. लोहाबाबत जपावं लागतं ते एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्यांत. वारंवार रक्त चढवून त्यांच्या शरीरात लोह साचू शकतं, म्हणून तिथे तपासूनच देतात. एएस मुलीला लोह कमी पडलं, तर ते द्यायलाच हवं.

कमी पडलंय हे कळतं कसं? हिमोग्लोबिन 12 ते 14 वर्षांच्या मुलांत 12च्या खाली, 5 ते 11 वर्षांत 11.5च्या खाली गेलं की कमी धरतात. पण कारण त्यावरून कळत नाही. हिच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, 66 होता, पेशी लहान. लहान पेशी थॅलेसेमियाच्या वाहकांतही दिसतात. म्हणून डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, केली. हिमोग्लोबिन म्हणजे आजच्या ताटातली भाकर, फेरिटिन म्हणजे कोठीतली ज्वारी. ताट भरलेलं दिसतं तेव्हाही कोठी रिकामी असू शकते. पाच वर्षांपुढे फेरिटिन 15च्या खाली म्हणजे कोठीचा तळ लागला. हिचं होतं 6. मात्र ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन उगाच वाढलेलं येतं, तेव्हा 'नॉर्मल' आकड्यावर विसंबू नये. नुसतं सीरम आयर्न, म्हणजे रक्तात फिरणारं लोह, तर सकाळ-संध्याकाळ बदलतं, त्यावर निदान करू नये.

निघता निघता आई म्हणाली, "पाटीची पेन्सिल खाते मॅडम, लय मारलं तरी सोडत नाही." लोहाच्या कमतरतेत असं खावंसं वाटतं, मारून ते जात नाही. मग मुलीशी एकटीशी बोलले. पाळी आठ-आठ दिवस, रात्री उठून कापड बदलावं लागतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. लोह कुठे जात होतं ते रिपोर्टनं सांगितलं नसतं. पाळीसाठी तिला डॉक्टरांकडे पाठवलं.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी कमतरता होऊ नये म्हणून असते. झालेली भरायला डॉक्टरांनी ठरवलेला डोस लागतो. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी, चहासोबत नको. शौच काळी होते, घाबरू नये. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, कारण कोठी नंतर भरते. बहुतेक घरं नेमकी इथेच थांबतात.

महिन्याभरानं तिचं हिमोग्लोबिन 10.6 झालं. लग्नाचं म्हणाल तर पुढे होणाऱ्या नवऱ्याचीही तपासणी करायची. त्याला सिकलसेल नसेल आणि तो सिकलसेलचा किंवा थॅलेसेमियाचा वाहकही नसेल, तर मुलांना सहसा सिकलसेलचा आजार होत नाही. वडिलांना हे पटलंय. आजी अजून माहेरचाच दोष काढतात, पुढच्या खेपेला त्यांना सोबत आणा म्हटलंय.